अकरावीतल्या मुलाला कॉलेज बास्केटबॉलची तोंडी ऑफर आली आहे. पुढे काय करायचे?

डॅलसकर
नमस्कार मंडळी. मुलगा टेक्सासमध्ये अकरावीत शिकतो. उंची सहा फूट तीन इंच. शाळेच्या व्हर्सिटी (मुख्य) संघात गार्ड आहे आणि उन्हाळ्यात एएयूच्या (शाळेबाहेरच्या हौशी स्पर्धा भरवणारी संघटना) क्लब संघाकडून खेळतो. मागच्या महिन्यात एका मध्यम दर्जाच्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) कॉलेजच्या असिस्टंट कोचचा फोन आला आणि त्यांनी मुलाला सरळ सांगितले, "आमच्याकडून तुला स्कॉलरशिपची ऑफर आहे." त्याच रात्री मुलाने इतर मुले टाकतात तशी पोस्ट टाकली. शाळेत अभिनंदन झाले, साताऱ्याला आजीपर्यंत बातमी पोचली.

त्यानंतर मात्र शांतता आहे. पत्र नाही, ईमेल नाही. मुलाने मेसेज केला की "छान खेळतोयस, संपर्कात राहू" एवढेच उत्तर येते. आम्ही दोघे नवरा-बायको इंजिनियर, आमच्या घरात कोणी या वाटेने गेलेले नाही. ही ऑफर खरी की खोटी? तिच्या भरवशावर बाकीच्या कॉलेजांकडे लक्ष कमी केले तर चालेल का? आणखी एक, आम्ही अजून एच-१बी वर आहोत आणि मुलगा एच-४ (कुटुंबीयांचा व्हिसा) वर. त्याने काही फरक पडतो का? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

फास्टब्रेक
मुलाचे अभिनंदन. डिव्हिजन वनचा कोच स्वतः फोन करतो ही लहान गोष्ट नाही. मी न्यू जर्सीत बरीच वर्षे हायस्कूल संघाचा सहायक कोच होतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

ऑफर खोटी नाही, पण अजून ती कोणालाच बांधून ठेवत नाही. तोंडी ऑफर कॉलेज कधीही मागे घेऊ शकते आणि तोंडी "हो" म्हणालेला मुलगाही कधीही दुसरीकडे जाऊ शकतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर मुलाकडच्यांनी पसंती कळवली आहे, सुपारी फुटलेली नाही. ती फुटते बारावीच्या नोव्हेंबरमध्ये, जेव्हा खेळाडू आणि कॉलेज आर्थिक मदतीच्या लेखी करारावर सही करतात. पूर्वी त्याबरोबर नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा वेगळा कागद असायचा. १९६४ पासून चालत आलेला तो कार्यक्रम ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. आता जे काही आहे ते त्या करारातच, म्हणून तो ओळ न् ओळ वाचावा लागतो.

आता कोचच्या बाजूने पाहा. पुरुषांच्या डिव्हिजन वन संघाला पूर्वी १३ स्कॉलरशिप मिळत. जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाऊस खटल्याची तडजोड कोर्टाने मंजूर केली. तेव्हापासून ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा नाही, त्याऐवजी संघात जास्तीत जास्त १५ खेळाडू असे बंधन आहे. न स्वीकारणाऱ्यांना जुनाच आकडा लागू. म्हणजे तुमच्या मुलाच्या वर्षासाठी एखाद्या कोचकडे गार्डच्या दोन जागा मोकळ्या असतील, कधी एकच. त्या एका जागेसाठी तो एका मुलाला विचारून थांबत नाही. आठ-दहा जणांना तोंडी ऑफर जाते, कारण बहुतेक मुले दुसरीकडे जाणार हे त्याला ठाऊक असते. त्याच्या मनात क्रम ठरलेला असतो, तो मुलांना सांगितला जात नाही.

म्हणून मुलाने एकच प्रश्न विचारायचा, आणि तो त्यानेच विचारायचा, आईवडिलांनी नाही: "मी आज हो म्हटले तर तुम्ही माझी जागा धरणार का?" या धंद्यात त्याला कमिटेबल ऑफर म्हणतात. उत्तर सरळ "हो" आले तर ऑफर पक्की. "आधी हेड कोचना तुला प्रत्यक्ष बघायचे आहे", "आधी इथे येऊन जा", "वसंतात बोलू" असे काही आले तर तो रस आहे, ऑफर नाही. हा प्रश्न विचारल्याने कोच नाराज होत नाही, त्याला तो सवयीचा असतो. जो कोच यावर चिडतो त्याच्याकडे चार वर्षे मुलगा पाठवायचा का, याचाही विचार करा.

हेड कोच अजून बोललेले नाहीत हेही तुमच्या लिहिण्यावरून दिसते. असिस्टंट कोचचे काम नावे जमवायचे आणि मुलांशी नाते ठेवायचे. जागा देतो हेड कोच.

निशिगंध
फास्टब्रेक, फार उपयोगी लिहिलेत. एक शंका. आमच्या मुलीला दर आठवड्याला कॉलेजांची पत्रे येतात, कॅम्पची आमंत्रणे येतात. ती दहावीत आहे. यालाही रस म्हणायचे का?

फास्टब्रेक
कॅम्पचे आमंत्रण हजारो मुलांना एकाच यादीतून जाते आणि कॅम्पची फी तुम्ही भरता. बहुतेक वेळा तो कॉलेजचा आणि कोचचा उत्पन्नाचा भाग असतो. त्यातून काहीच होत नाही असे नाही, पण ज्या कोचने आधी नावानिशी मेसेज केला आहे त्याच्याच कॅम्पला जा. छापील पत्रापेक्षा हाताने लिहिलेला मेसेज मोठा, मेसेजपेक्षा फोन मोठा, आणि फोनपेक्षा मोठे म्हणजे कोच स्वतः जिममध्ये येऊन बसणे. सगळ्यात स्पष्ट खूण म्हणजे ऑफिशियल व्हिजिट, कारण तिचा प्रवास, राहणे आणि जेवणाचा खर्च कॉलेज करते. मुलांच्या डिव्हिजन वनमध्ये कोच थेट मेसेज आणि फोन करू शकतात ते दहावी संपल्यावरच्या १५ जूनपासून, आणि ऑफिशियल व्हिजिट अकरावी सुरू होतानाच्या १ ऑगस्टपासून. मुलींच्या तारखा एनसीएएच्या (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना) कॅलेंडरात वेगळ्या पाहून घ्या.

माधुरी_बॉस्टन
मी दुसरी बाजू मांडते, कारण आपल्या लोकांत तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते.

एनसीएएच्याच अंदाजानुसार अमेरिकेत साडेपाच लाखांच्या आसपास मुले हायस्कूल बास्केटबॉल खेळतात. त्यांतली साधारण साडेतीन टक्के एनसीएएच्या कुठल्यातरी संघात पोचतात आणि डिव्हिजन वनमध्ये एक टक्का. बाकीच्यांनी खेळ सोडायचा का? माझी मुलगी डिव्हिजन थ्रीमध्ये खेळते. तिथे खेळासाठी एक पैशाची स्कॉलरशिप नसते, नियमच तसा आहे. पण एमआयटी, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, कार्नेगी मेलन, जॉन्स हॉपकिन्स, एमरी ही सगळी बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन थ्री आहेत. तिथल्या कोचची "ऑफर" म्हणजे ॲडमिशन ऑफिसकडे तुमच्यासाठी टाकलेला शब्द.

ते असे चालते. अकरावी संपली की उन्हाळ्यात कोच तुमच्या मार्कांचा कागद, परीक्षांचे गुण आणि बारावीत घेणार ते विषय मागतो आणि ॲडमिशन ऑफिसकडून आधीच वाचून घेतो. त्याला प्री-रीड म्हणतात. तिथून हिरवा कंदील आला की कोच म्हणतो, अर्ली डिसिजनने (प्रवेश मिळाला तर इथेच येईन या अटीवर, लवकर) अर्ज कर, मी तुझ्या पाठीशी आहे. काही ठिकाणी हा शब्द फार जड असतो, काही ठिकाणी नुसता सदिच्छेसारखा. एमआयटीत कोच पाठिंबा देतो, पण दार ॲडमिशन ऑफिसच उघडते. म्हणून कोचला विचारायचे: गेल्या काही वर्षांत तुम्ही पाठिंबा दिलेल्या आणि प्री-रीड पास झालेल्या मुलांपैकी कितींना प्रवेश मिळाला नाही? चांगला कोच खरे सांगतो.

पैसे मिळतात ते घरच्या उत्पन्नावरून किंवा अभ्यासावरून. आमच्या बाबतीत ती रक्कम एका डिव्हिजन टू कॉलेजने देऊ केलेल्या खेळाच्या स्कॉलरशिपपेक्षा जास्त भरली. डिव्हिजन टूमध्ये पुरुषांच्या आणि महिलांच्या प्रत्येक संघाला १० पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम मिळते आणि ती कोच सगळ्या संघात तुकड्या-तुकड्यांनी वाटू शकतो. कानावर "स्कॉलरशिप" एवढाच शब्द पडतो, मग घरी येऊन हिशोब केला की ती फीच्या पाव भागाची निघते. कुठल्याही ऑफरला पहिला प्रश्न: एकूण खर्चापैकी आम्ही दरवर्षी किती भरायचे? आकडा लेखी मागा.

सह्याद्री_टीएक्स
माधुरीताईंशी सहमत, फक्त एक भर. आयव्ही लीगही (हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे विद्यापीठांचा गट) खेळासाठी स्कॉलरशिप देत नाही, डिव्हिजन वन असूनही. जानेवारी २०२५ मध्येच त्यांनी हाऊस तडजोडीतून बाहेर राहायचे ठरवले. पण २०२५-२६ पासून प्रिन्स्टनमध्ये दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्वसाधारण घरांना शिकवणी, राहणे, जेवण सगळे मोफत, आणि हार्वर्डमध्ये दोन लाखांपर्यंत शिकवणी मोफत. आयव्हीत रिक्रूट झालेल्या मुलाला ॲडमिशन ऑफिसकडून ऑक्टोबरनंतर लायकली लेटर येऊ शकते. ते आले की प्रवेश जवळजवळ निश्चित. कोचच्या तोंडी शब्दावर विसंबण्यापेक्षा ते पत्र कितीतरी बरे.

डॅलसकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला दोन्ही प्रतिसाद वाचायला दिले. फास्टब्रेक, तो आज कोचला तो प्रश्न विचारणार आहे. तोवर एक विचारतो. ट्रान्स्फर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) हायस्कूलच्या मुलांच्या जागा गेल्या असे एएयूचे सगळे पालक म्हणतात. हे खरे आहे का?

फास्टब्रेक
खरे आहे, आणि यात मुलांचे नुकसान होते आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पोर्टल सुरू झाले ऑक्टोबर २०१८ मध्ये. तेव्हा कॉलेज बदलणाऱ्या बास्केटबॉल खेळाडूला सहसा एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एकदा न बसता बदलायची मुभा आली आणि एप्रिल २०२४ मध्ये अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा. त्यातच १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे मिळवता येऊ लागले, त्याला इथे एनआयएल म्हणतात. १ जुलै २०२५ पासून तडजोडीत सामील कॉलेजे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

आता मधल्या कॉलेजचा कोच कसा विचार करतो ते बघा. त्याची नोकरी दोन-तीन मोसमांवर ठरते. अठरा वर्षांचा मुलगा तयार व्हायला दोन वर्षे लागणार, आणि तयार झाला की मोठे कॉलेज पैसे देऊन त्याला घेऊन जाणार. त्यापेक्षा पोर्टलमधून बावीस वर्षांचा, शंभर सामने खेळलेला गार्ड घेतलेला त्याला परवडतो. म्हणून कोच हायस्कूलच्या मुलांसाठी एक-दोन जागा ठेवतात आणि बाकीच्या वसंतात पोर्टल उघडेपर्यंत रिकाम्या सोडतात. अकरावीत आलेली ऑफर बारावीच्या वसंतात विरघळते ती यातूनच. त्या मुलाने काही वाईट खेळलेले नसते.

दुसरे असे की कोचच नोकरी बदलतो. नवा कोच आधीच्या कोचच्या तोंडी शब्दाला बांधील नाही. सही केलेला करार मात्र कॉलेजशी असतो, त्यामुळे त्यातली आर्थिक मदत कोच गेल्याने संपत नाही. कॉलेज निवडताना मुलाने स्वतःला विचारावे: हा कोच उद्या नसला आणि माझा गुडघा गेला तरी मला इथे शिकायला आवडेल का?

स्कॉलरशिप अनेकदा एका वर्षाची असते आणि दरवर्षी नवी होते, हेही बऱ्याच पालकांना माहीत नसते. २०१५ पासून मोठ्या कॉन्फरन्सांनी (कॉलेजांच्या गटांनी) आणि २०२४ पासून सगळ्या डिव्हिजन वनने खेळ खराब झाला म्हणून ती काढायची नाही असा नियम केला. तरीही करारात किती वर्षांचा उल्लेख आहे ते पाहाच.

रानवारा
एच-४ बद्दल लिहिते. मी वकील नाही, पण आमच्या घरी हाच प्रश्न आला होता आणि आम्ही इमिग्रेशन वकिलाकडे गेलो होतो. सही करण्याआधी तुम्हीही जा.

स्कॉलरशिप घ्यायला एच-४ आड येत नाही, कारण ती मजुरी नाही. अडचण येते एनआयएल आणि कॉलेजकडून मिळणाऱ्या वाट्याची. एच-४ वरच्या मुलाला काम करायची परवानगी नसते. जाहिरातीत उभे राहणे, सह्या करायला दुकानात बसणे, पैसे घेऊन पोस्ट टाकणे हे काम धरले गेले तर व्हिसाच धोक्यात येतो. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, त्याआधी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो आणि तिथेही कॉलेजबाहेर काम करण्यावर कडक बंधने आहेत. पर्ड्यूचा कॅनेडियन सेंटर झॅक ईडी २०२३ आणि २०२४ असे लागोपाठ दोन वर्षे देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी विद्यार्थी व्हिसामुळे त्याला बरोबरीच्या अमेरिकन खेळाडूंसारखे करार करता आले नाहीत. केंटकीचा काँगोहून आलेला ऑस्कर चिब्वे, २०२२ च्या उन्हाळ्यात त्याचा संघ बहामाला गेला तेव्हा, तिथे, म्हणजे अमेरिकेबाहेर, जाहिरातीचे काम करून आला. इतके जपून चालावे लागते.

म्हणून एखादा कोच "स्कॉलरशिप अर्धी, बाकी एनआयएलमधून भरू" असे म्हणाला तर लगेच सांगा की आमच्या मुलाला ते चालणार नाही. हल्ली असे प्रस्ताव येतात. एच-४ च्या मुलांना सरकारी फाफ्साची मदतही मिळत नाही, त्यामुळे कॉलेजच्या स्वतःच्या पैशावरच बोलणे करा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ ही परदेशी विद्यार्थ्यांचाही अर्ज पैशाची गरज न पाहता वाचतात, हे तुमच्यासाठी महत्त्वाचे.

कोथरूडहून
भारतातून थेट जायचे असेल तर? माझा भाचा राज्य पातळीवर खेळतो, सहा फूट सात इंच आहे. सतनाम सिंगसारखे होऊ शकते का?

फास्टब्रेक
सतनामची वाट वेगळी होती. तो २०१० मध्ये फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीत आला आणि २०१५ मध्ये कॉलेज बास्केटबॉल न खेळताच डॅलस मॅव्हरिक्स या एनबीए संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. कॉलेजच्या वाटेने गेलेली उदाहरणे म्हणजे मॉनमथला गेलेला अमान संधू आणि युनिव्हर्सिटी ऑफ सॅन डिएगोला गेलेली हरसिमरन कौर. दोघेही एनबीए अकॅडमीच्या भारतातल्या उपक्रमांतून पुढे आले.

भाच्यासाठी दोन गोष्टी. नववीपासूनच्या मार्कांच्या गुणपत्रिका जपून ठेवा. डिव्हिजन वनला १६ मुख्य विषयांचे कोर्स लागतात आणि त्यांत २.३ चा जीपीए (सरासरी श्रेणी). एसएटीची अट २०२३ मध्ये गेली. नववी ते बारावीचे मार्क एनसीएएचे एलिजिबिलिटी सेंटर तपासते. दुसरे, बारावी झाल्यावर खेळासाठी वर्षामागून वर्षे घालवू नका, कारण उशिरा प्रवेश घेणाऱ्याचा खेळायचा काळ कापला जाऊ शकतो. आणि पैसे घेऊन "अमेरिकेत स्कॉलरशिप मिळवून देतो" म्हणणाऱ्या कोणाला काही देण्याआधी त्याने पाठवलेल्या मुलांशी स्वतः बोला.

सह्याद्री_टीएक्स
वॉक-ऑनचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. स्कॉलरशिप नसताना संघात जागा मिळते ती वॉक-ऑन. वरुण राम हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे नाव आहे. पाच फूट नऊ इंचांचा मुलगा, आधी कनेटिकटच्या ट्रिनिटी कॉलेजात डिव्हिजन थ्री खेळला, मग मेरीलँडला वॉक-ऑन म्हणून गेला आणि तिथे पुढे स्कॉलरशिप मिळवली. मार्च २०१५ मध्ये एनसीएए स्पर्धेत व्हॅल्परायझोविरुद्ध शेवटच्या क्षणाला मेरीलँड तीन गुणांनी पुढे होते. कोचने बचावासाठी त्याला मैदानात पाठवले आणि त्याने समोरच्याला बरोबरीचा बास्केट मारूच दिला नाही. ६५-६२ ने जिंकले. आज मात्र १५ च्या मर्यादेमुळे वॉक-ऑनच्या जागाही आकसल्या आहेत, हे लक्षात ठेवून बोला.

करवाला
छोटी सूचना. पूर्ण स्कॉलरशिपमधला शिकवणी आणि पुस्तकांचा भाग करमुक्त असतो. राहण्या-जेवणाचा भाग मात्र करपात्र उत्पन्नात धरला जातो. पहिल्या वर्षी बरेच जण हे विसरतात.

डॅलसकर
मुलाने प्रश्न विचारला. कोच प्रामाणिक होते. म्हणाले, आज नाही. आमच्या यादीत तुझ्या आधी दोन गार्ड आहेत, हेड कोच जानेवारीत शाळेचा सामना बघायला येतील, मग बोलू. मुलगा रात्रभर नाराज होता. सकाळी त्यानेच मला सांगितले की ती पोस्ट राहू दे, खोटे काही लिहिले नव्हते, पण आता बाकीच्यांनाही फिल्म पाठवतो. शिकागो आणि एमरीच्या कोचना सामन्यांच्या चित्रफिती आणि मार्कांचा कागद पाठवला आहे. एमरीच्या कोचचे उत्तर त्याच दिवशी आले, पुढच्या जुलैत प्री-रीड करू म्हणाले.

माधुरीताई, बारावीचे विषय आता फेब्रुवारीत ठरतात. प्री-रीडसाठी एपी कॅल्क्युलस (कॉलेज पातळीचे गणित) बीसी हा अवघड कोर्स घ्यावा की सोपा एबी पुरेसा आहे? मुलाचा मोसम फेब्रुवारीअखेर संपतो आणि बीसीचा बोजा झेपेल का अशी शाळेच्या समुपदेशकांना शंका आहे.

माधुरी_बॉस्टन
त्याला गणित किंवा इंजिनियरिंग करायचे असेल तर बीसी. अर्थशास्त्र किंवा इतिहासाकडे कल असेल तर एबी घेऊन त्यात उत्तम मार्क आणलेले बरे. पण माझ्यावर जाऊ नका. एमरीच्या कोचलाच विचारा की गेल्या वर्षी प्री-रीडला अडकलेली मुले कशामुळे अडकली. आमच्या मुलीच्या कोचने हे फोनवर दहा मिनिटांत सांगितले होते. मोसमाचे म्हणाल तर कॉलेजचा मोसम याहून लांब असतो, नोव्हेंबर ते मार्च, दोन्ही सेमिस्टर खाऊन. झेपते का ते आत्ताच कळलेले चांगले.